धुराड्याचा हिशेब



वीज कंपन्यांचे वार्षिक अहवाल अलीकडे वाचण्याजोगे झाले आहेत. पूर्वी त्यांत ताळेबंद, संचालकांची नावे आणि लेखापरीक्षकांचा शेरा एवढेच असे. आता त्यांत कांदळवने असतात, मासे असतात, रोपे हातात धरलेली शाळकरी मुले असतात, एखाद्या निसर्गसंस्थेबरोबर झालेल्या कराराचे छायाचित्र असते. या सगळ्याला मिळून ‘पर्यावरण भागीदारी’ म्हणण्याची पद्धत आहे. त्याच अहवालात, बहुधा बरीच पाने उलटल्यावर, बारीक अक्षरांत एक तक्ता सापडतो. वर्षभरात कंपनीच्या धुराड्यांतून किती कार्बन डायऑक्साइड, किती सल्फर डायऑक्साइड आणि किती धूळ बाहेर पडली, याचे आकडे त्यात असतात. रंगीत पाने आणि हा तक्ता यांचा एकमेकांशी संबंध काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. सर्वसाधारण समज असा की, जी कंपनी निसर्गसंस्थांशी जोडलेली आहे ती आपले उत्सर्जनही कमी करत असणार. महाराष्ट्रातला पुरावा तपासला तर हा समज टिकत नाही. भागीदारीमुळे उत्सर्जन घटते, पण केव्हा? धुराड्याचा हिशेब कंपनीबाहेरचा कोणीतरी ठेवतो आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो, तेव्हा. हे माझे म्हणणे मी लोणावळा, डहाणू आणि मुंबई या तीन ठिकाणांच्या आधारे मांडणार आहे. त्यांत डहाणूला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागेल.

लोणावळ्यापासून सुरुवात करतो, कारण भागीदारीचे सर्वांत सज्जन रूप तिथे दिसते. टाटांच्या जलविद्युत केंद्रांनी मुंबईला वीज दिली ती खोपोलीतून १९१५ साली, भिवपुरीतून १९२२ साली आणि भिरा येथून १९२७ साली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी कोकणात सोडून केलेली ही वीज. तिच्यात धूर नव्हता. मात्र ती निरुपद्रवी होती असे म्हणताना मुळशीचे धरण विसरता येत नाही. गावे बुडणार म्हणून १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तो याच विजेविरुद्ध होता. असो. पुढे याच कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी महसीर या माशाच्या पैदाशीचे काम हाती घेतले. सत्तरच्या दशकापासून आजवर ते अखंड चालू आहे. धरणे आणि प्रदूषण यांमुळे नद्यांतून नाहीशा होत चाललेल्या या माशाची अंडी कृत्रिम रीतीने उबवायची, बोटभर पिल्ले वाढवायची आणि मत्स्यखात्यांना, संस्थांना ती देशभरातल्या जलाशयांत सोडण्यासाठी द्यायची, असे कामाचे स्वरूप. निळ्या परांचा महसीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘धोक्यातील’ या वर्गात होता. २०२० च्या सुमारास तो ‘किमान चिंता’ या वर्गात आला. कंपनीने त्याचे श्रेय आपल्या कार्यक्रमाला दिले, आणि त्यातला काही वाटा तिचा असणारच. कायद्याची सक्ती नसताना पाच दशके एखादे काम नेटाने चालवणे सोपे नसते. ते मान्य करूनच पुढचे बोलायला हवे.

पुढचे असे की, लोणावळ्यात वाढलेली ही पिल्ले सत्तरच्या दशकापासून कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला आणि आकाराने प्रचंड. गळाने मासे पकडणाऱ्या शौकिनांमध्ये त्याची जगभर ख्याती होती. शौकिनांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या नोंदी मत्स्यशास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा कावेरीत निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि मूळचा कुबडवाला घटत गेला असे त्यांना आढळले. गंमत म्हणजे या प्रसिद्ध माशाची जात नेमकी कोणती हेच २०१८ पर्यंत शास्त्राने ठरवलेले नव्हते. त्या वर्षी त्याला टोर रेमादेवी हे नाव निश्चित झाले आणि लगोलग तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. एका जातीला वाचवण्याच्या कामाने दुसरीच्या संकटात भर घातली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, कंपनीचा नाही आणि पिल्ले नदीत सोडणाऱ्यांचाही नाही. उणीव होती ती तपासणीची. किती पिल्ले सोडली हे मोजले जात होते. ती ज्या नदीत गेली तिथे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी करारात कोणाचीच नव्हती. काय मोजायचे हे देणाराच ठरवतो तेव्हा तो आपल्या देण्याची मोजणी करतो.

हाच दोष मोठ्या प्रमाणावर आपल्या कायद्यातही शिरला आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. पर्यावरण रक्षण त्या यादीत आहे. मात्र याच कायद्याखालचे नियम सांगतात की, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च यात धरता येणार नाही. नियमामागचा हेतू चांगला आहे. आपल्याच कारखान्याची डागडुजी करून तिला समाजसेवा म्हणण्याची पळवाट त्याने बंद केली. पण वीज कंपनीच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होतो. औष्णिक केंद्राचे निसर्गाशी सर्वांत मोठे नाते धुराड्यातून जुळते, आणि नेमके ते या पैशाच्या कक्षेबाहेर राहते. हा पैसा तळ्यावर, टेकडीवर, शाळेच्या आवारात खर्च होऊ शकतो. धुराड्यावर होऊ शकत नाही. म्हणून अहवालांतली रंगीत पाने कारखान्याच्या कुंपणाबाहेरच फिरत राहतात, आणि त्याचा दोष जनसंपर्क विभागाच्या माथी मारता येत नाही.

कोणी म्हणेल, धुराड्याबाहेरची झाडे धुराड्यातल्या कार्बनची भरपाई करतात ना? हिशेब करून पाहू. ५०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालले तर सुमारे ३५० कोटी युनिट वीज तयार होते. एका युनिटमागे साधारण ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला ३३ लाख टन होतो. चांगले वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. म्हणजे या एका केंद्रासाठी सुमारे साडेसोळा कोटी झाडे लागतील, तीही पूर्ण वाढलेली आणि दरवर्षी जिवंत राहिलेली. हेक्टरी हजार झाडे लावली तरी साडेसोळाशे चौरस किलोमीटर जागा लागेल. बृहन्मुंबईचे सारे क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. झाडे लावू नयेत असे यातून निघत नाही. कांदळवन लाटांना अडवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते, आणि त्यासाठी ते हवेच. मात्र उत्सर्जनाच्या जमाखर्चात त्याची नोंद करायची तर ती किती लहान आकड्याने करावी लागेल, एवढे ठाऊक असू द्यावे.

५०० मेगावॅटचा आकडा घेतला तो सहज नाही. डहाणूचे केंद्र तेवढेच आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने ते उभारले आणि १९९५ साली सुरू केले. जागा होती डहाणूच्या खाडीकाठची; चिकूच्या बागा, वारली पाडे आणि मच्छीमारांच्या वस्त्या यांच्या मधोमध. या प्रदेशाच्या नाजूकपणाची सरकारी कबुलीही आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका ‘पर्यावरणदृष्ट्या नाजूक’ म्हणून घोषित झाला, भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला आणि साऱ्या तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन वापरावी असे बंधन घातले गेले. वीज केंद्राला मंजुरी मात्र त्याआधीच मिळालेली होती, आणि तिला दिलेले आव्हान न्यायालयांत टिकले नाही. केंद्राला २७५ मीटर उंचीचे धुराडे बांधले गेले. उंच धुराड्याने धूर कमी होत नाही, तो लांब जातो. तालुक्यातल्या घोलवडच्या बागायतदाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते वेगळे सांगायला नको.

कथेला वळण मिळाले ते ‘बिट्टू सहगल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी; जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते या कामात होते. सोबत पर्यावरण, जलशास्त्र, समुद्रशास्त्र अशा विषयांतले तज्ज्ञ. एका तालुक्यासाठी असे मंडळ ही आपल्या देशात फार दुर्मीळ गोष्ट. या प्राधिकरणाने १९९९ साली वीज कंपनीला आदेश दिला की, धुरातला गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवा. या संयंत्राला सगळे एफजीडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. डहाणूसाठी सुचवलेली पद्धत समुद्राच्या पाण्याची होती. समुद्राचे पाणी मुळातच थोडे क्षारधर्मी असते. त्यातून धूर नेला की सल्फर डायऑक्साइड विरघळून त्याचे सल्फेट होते आणि धूर बराचसा स्वच्छ होऊन वर जातो.

आदेश १९९९ चा. संयंत्र सुरू झाले २००७ साली. मधल्या आठ वर्षांत कंपनीने काय काय कारणे दिली असतील याची कल्पना कोणालाही करता येईल: खर्च मोठा आहे, कोळशात गंधक कमी आहे, हवेचे मोजमाप मर्यादेत आहे, तंत्रज्ञान तपासायचे आहे. दरम्यान २००३ च्या सुमारास मालकी बदलली, बीएसईएस रिलायन्सकडे गेली. प्राधिकरण आदेशापासून हटले नाही. टाळाटाळ थांबत नाही असे दिसल्यावर त्याने बँक हमी मागितली, म्हणजे संयंत्र झाले नाही तर पैसे जातील अशी तजवीज केली. शेवटी ते झाले. याच काळात कंपनीची कांदळवन लागवड, आरोग्य शिबिरे, शाळांना मदत हेही चालू होते आणि त्या कामांना पुरस्कारही मिळत होते. त्या कामांतले एकही खोटे होते असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या यादीत एफजीडी नव्हते. ते यादीत यायला न्यायालयाने नेमलेले, स्थानिक, चिवट आणि पैसे अडकवून ठेवू शकणारे मंडळ लागले.

आता आक्षेप. पहिला तांत्रिक आहे, आणि तो आज सरकारी धोरण झाला आहे. भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, मग एवढा खर्च कशाला, असे विचारले जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना या मर्यादेतूनच सूट मिळाली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतले संच बंधनात राहिले; काही संचांचा निर्णय एकेकटा होईल; उरलेल्यांना धुराडे ठरलेल्या उंचीचे असले की पुरे. पुन्हा धुराड्याची उंची! या निर्णयाच्या बाजूने दोन मुद्दे मांडले गेले. हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेत आहे, हा एक. एफजीडीमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, हा दुसरा.

दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. सल्फर डायऑक्साइड हवेत वायू म्हणून फार काळ राहत नाही. त्याचे सल्फेट होते आणि ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने शेकडो किलोमीटर जाते. केंद्राच्या दाराशी वायू मोजून तो मर्यादेत आहे म्हणणे म्हणजे कण जिथे उतरले ते ठिकाण सोडून दुसरीकडे शोध घेणे. कार्बनचे म्हणाल तर गणित साधे आहे. एक टन भारतीय कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड होतो. त्यातल्या अर्धा टक्का गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो दहा किलो. तो चुनखडीने काढला तर रासायनिक क्रियेतून सातेक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. संयंत्र चालवायला केंद्राच्या विजेपैकी एक-दीड टक्का जातो. सगळे मिळून वाढ दोन टक्क्यांच्या आसपास. कार्बनची खरोखर काळजी असेल तर दोन टक्के कार्बन वाचवण्याचे यापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग त्याच केंद्रात आहेत, बॉयलरची कार्यक्षमता हा त्यांतला पहिला. एका प्रदूषणाचे कारण सांगून दुसरे सोडून देणे हा युक्तिवाद कागदावर चतुर दिसतो, एवढेच. आणि तंत्रज्ञान नवे, अनोळखी आहे असेही म्हणता येत नाही. मुंबईत ट्रॉम्बे येथे टाटांच्या केंद्राने समुद्राच्या पाण्यावर चालणारे एफजीडी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बसवले होते, राष्ट्रीय मर्यादा येण्याच्या पाव शतक आधी. आपल्याच राज्यात त्याचे दोन नमुने समुद्रकाठी उभे असताना देशभर दशकभर मुदती मागितल्या गेल्या.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एफजीडीचा खर्च शेवटी वीजदरात येतो आणि ग्राहकच तो भरतो. हे खरेच आहे. नियामक आयोग भांडवली खर्च मान्य करतो, तो दरात उतरतो. पण न बसवलेल्या संयंत्राचाही खर्च कोणीतरी भरतच असतो. तो वीजबिलावर छापलेला नसतो. डहाणूच्या बाबतीत तर भरणारे दोघे वेगळे होते. वीज वापरणार अंधेरी-बोरिवली, धूर सोसणार डहाणू. दरात वाढ झाली तर मुंबईच्या ग्राहकाला आयोगापुढे हरकत घेता येते. त्यासाठी जाहीर सुनावणी असते, वकील असतात, वर्तमानपत्रे असतात. चिकूच्या बागेला अशी कुठली सुनावणी? घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे ठीकच झाले, पण मानांकनाने झाडावरची राख झडत नाही. प्राधिकरणाने हा तोल बदलला. ज्यांच्याकडे बिल येत नव्हते अशांचाही खर्च त्याने हिशेबात धरायला लावला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. न्यायालयाने नेमलेले मंडळ म्हणजे लोकशाही नव्हे. ते मंद असते, माणसांवर अवलंबून असते, उद्या त्याचा कल बदलू शकतो. बदललाच. याच प्राधिकरणाने १९९८ साली तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराला नकार दिला होता. २०२३ च्या जुलैत, नव्या रचनेत, त्याने वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको हा आजचा विषय नाही. पण एका तालुक्याचे रक्षण एका अध्यक्षाच्या चिवटपणावर उभे असेल तर ते रक्षण कच्चे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्यावरचा उपाय मंडळ काढून टाकणे हा नाही. त्याच्या कामाचे नियम पक्के करावेत, धुराड्यावरच्या यंत्रांचे आकडे त्याच्यापाशी थेट यावेत आणि ते गावात फलकावर लागावेत, ग्रामपंचायत व मच्छीमार संस्था यांना कागद मागण्याचा हक्क असावा. मग अध्यक्ष बदलला तरी हिशेबाची वही तीच राहील.

चौथा आक्षेप नव्या पिढीचा आहे. न्यायालये कशाला, आता बाजारच हे काम करतो, असे सांगितले जाते. याला मुंबईचा दाखला देतात, आणि तो वजनदार आहे. २०१८ साली रिलायन्सचा मुंबईतला वीज व्यवसाय अदानींकडे गेला. २०२१ साली या वितरण कंपनीने परदेशी बाजारात ३० कोटी डॉलरचे रोखे काढले, त्यांना काही उद्दिष्टे बांधलेली होती: २०२७ पर्यंत विजेतला अपारंपरिक वाटा ६० टक्के करायचा आणि २०२९ पर्यंत हरितगृह वायूंची तीव्रता ६० टक्क्यांनी घटवायची. उद्दिष्ट चुकले तर कंपनीला जास्त व्याज द्यावे लागणार. कायद्याने घालून दिलेले अपारंपरिक विजेचे प्रमाण २०२९-३० पर्यंत ४३ टक्क्यांच्या थोडे वर जाते. कंपनीने त्याहून पुष्कळ पुढची मजल स्वीकारली. कामही झाले. जैसलमेरच्या ७०० मेगावॅट सौर-पवन प्रकल्पातून वीज येऊ लागली आणि एक आकडी असलेला अपारंपरिक वाटा २०२३ पर्यंत एक तृतीयांशाच्या पुढे गेला. वृक्षारोपणाच्या करारापेक्षा ही भागीदारी वेगळ्या जातीची आहे, कारण इथे चुकल्यास दंड आहे आणि पाहणारा बाहेरचा आहे. माझ्या म्हणण्याला हा अपवाद नसून आधारच आहे, असे मला वाटते.

तरीही सावकाराची नजर आणि शेजाऱ्याची नजर यांत फरक असतो, आणि तो दोन ठिकाणी उघडा पडतो. एक, तीव्रता. तीव्रता म्हणजे भागाकार; वर उत्सर्जन, खाली वीज किंवा उत्पन्न. खालचा आकडा फुगला की धूर तेवढाच राहूनही तीव्रता घटते. वातावरणाला भागाकार कळत नाही. दुसरे, कंपनीची हद्द. २०२४ साली डहाणूचे केंद्र या समूहाने आपल्या वितरण व्यवसायातून वेगळे काढून दुसऱ्या कंपनीकडे दिले. त्यामागे व्यावसायिक कारणे असतील, आणि तसे करणे कायद्याला धरूनच आहे. पण हिशेबावर होणारा परिणाम पाहा. केंद्र स्वतःचे असते तेव्हा त्याचा धूर कंपनीच्या ‘स्कोप १’ मध्ये, म्हणजे स्वतःच्या उत्सर्जनात, लिहिला जातो. केंद्र दुसऱ्याचे झाले आणि वीज विकत घेऊन ग्राहकांना पुरवली की तोच धूर ‘स्कोप ३’ मध्ये जातो, जिथे सहसा कोणी उद्दिष्टे बांधत नाही. अहवालातला तक्ता एका वर्षात हलका होतो. खाडीकाठचे धुराडे तिथेच राहते. रोखे घेणाऱ्याला कंपनी दिसते, डहाणूकराला धुराडे दिसते. म्हणूनच १९९६ साली न्यायालयाने प्राधिकरण तालुक्याला जोडले, कंपनीला जोडले नाही, यातले शहाणपण आज जास्त जाणवते. बीएसईएस गेली, रिलायन्स गेली, अदानींचा वितरण व्यवसायही बाजूला झाला. एफजीडी चालू ठेवण्याचे बंधन केंद्राबरोबर राहिले.

हद्दीचाच एक छोटा नमुना ग्राहकांच्या बाजूलाही आहे. २०२१ साली राज्य वीज नियामक आयोगाने ‘हरित ऊर्जा’ मागणाऱ्या ग्राहकासाठी युनिटमागे ६६ पैसे अधिक दर ठरवला. जादा पैसे भरा, आणि तुमची वीज हरित असल्याचे प्रमाणपत्र घ्या. उपक्रम चांगल्या भावनेचा आहे, परंतु तारेतून येणारा प्रवाह सगळ्यांना एकच. कंपनीने आधीच घेतलेली सौर वीज एकाच्या नावे लिहिली की उरलेल्यांच्या नावे कोळसा थोडा अधिक पडतो. जादा पैशातून नवा सौर प्रकल्प उभा राहिला तरच बेरीज बदलेल, आणि तो राहिला की नाही हे तपासण्याची सोय प्रमाणपत्रात नसते.

शेवटचा आक्षेप वीज अभियंत्यांचा, आणि त्यांचे ऐकायलाच हवे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, रुग्णालये जनित्रांवर आली. शहराची मागणी बाहेरून वाहून आणण्याइतक्या वाहिन्या नव्हत्या, आणि आतले संच त्या क्षणी पुरे पडले नाहीत. तेव्हापासून ट्रॉम्बेच्या कोळसा संचांचे करार वाढवत नेण्याला भक्कम कारण मिळाले. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ साली सुरू झाली, आरे-कुडूस ही १००० मेगावॅटची थेट प्रवाहाची योजना आखली गेली. अभियंते म्हणतात, आधी वाहिन्या, आधी साठवण, मग संच बंद. बरोबर आहे. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवटा आणि भिवपुरी येथे मिळून २८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. दिवसाच्या सौर विजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते सोडून वीज घ्यायची. याच कंपनीने नवे कोळसा केंद्र न उभारण्याचे आणि २०४५ पर्यंत नक्त शून्य गाठण्याचे जाहीर केले आहे. या सगळ्यात एकच गोष्ट नसते, ती म्हणजे प्रत्येक संचाच्या नावापुढे त्याच्या निवृत्तीची तारीख. कंपनीची तारीख २०४५. संचाची तारीख ‘मुदतवाढीच्या अधीन’. वाहिनी पूर्ण झाली की अमुक संच इतक्या महिन्यांत बंद होईल, असे कलम वाहिनीच्याच परवान्यात का नसावे? वाहिनीचा खर्च ग्राहकांकडून घेताना कोळसा कमी होईल हे कारण सांगितले जाते. मग ते कारण बंधनात उतरवायला हरकत नसावी.

डहाणूच्या संचांनी २०२० साली पंचवीस वर्षे ओलांडली. औष्णिक संचाचे आर्थिक आयुष्य साधारण तेवढेच धरतात. केव्हातरी ते बंद होतील, आणि तेव्हाचा करार आजपासून लिहायला घेतला पाहिजे, कारण बंद पडलेल्या केंद्राला भागीदार मिळत नाहीत. कामगारांपैकी कितीजण तालुक्यातले आहेत, कंत्राटावरचे कितीजण आहेत, त्यांना दुसरे काय काम मिळणार? वाहिन्या आणि स्विचयार्ड तयार आहेत, तिथे बॅटरी साठवण उभारता येईल का? आणि राख. वर्षानुवर्षांच्या कोळशाची जी राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये गेली नाही, ती पाण्याबरोबर तलावांत सोडलेली आहे. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने साठलेली जुनी राखही ठरावीक मुदतीत वापरण्याचे बंधन केंद्रांवर घातले आहे. केंद्र बंद झाल्यावर ते बंधन कोण पाळणार, आधीच्या मालकांनी साठवलेल्या राखेचा खर्च कोणाच्या ताळेबंदात जाणार, आणि भरतीच्या पाण्याशेजारच्या त्या तलावांवर पुढची वीस वर्षे देखरेख कोण ठेवणार, हे तीन प्रश्न प्राधिकरणाने पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. १९९६ च्या आदेशात तेवढा अधिकार आहे.